युद्धविराम: म्हणायचा कधी आणि पाळायचा कसा

"ताई, आईच्या डोळ्याचं होईपर्यंत युद्धविराम करू या का?"

धाकट्या भावाने फोनवर हे विचारलं तेव्हा आमच्या भांडणाला सातवा महिना लागला होता. बाबा गेल्यावर घर विकायचं की ठेवायचं आणि आईने तिथे एकटीने राहायचं की त्याच्याकडे जायचं, या दोन गोष्टींवरून ते सुरू झालं होतं. त्यातच आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. नंतर काही आठवडे तिच्या डोळ्यात वेळच्या वेळी थेंब घालायला कुणीतरी लागणार होतं. थेंबांच्या पाळ्या ठरवायला आम्ही एकमेकांना फोन करायचो आणि तिसऱ्या मिनिटाला घराच्या कागदांवर येऊन पोचायचो.

तो "मिटवून टाकू या" म्हणाला असता तर मी नाही म्हटलं असतं. "जाऊ दे ना आता" म्हणाला असता तर मी फोन ठेवला असता. "युद्धविराम" ऐकल्यावर मात्र मी क्षणभर थांबले आणि विचारलं, "कधीपर्यंत?"

एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी बावीस वर्षं उपसंपादक होते. परदेशातल्या बातम्या लावताना हा शब्द किती वेळा लिहिला असेल त्याचा हिशेब नाही. घरात तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो इतका उपयोगी का पडला याचा नंतर मी बराच विचार केला. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे, कारण बहुतेक घरांत भांडण संपवायचे शब्द भरपूर असतात आणि थांबवायचा एकही नसतो.

शब्द नेमका काय सांगतो

विराम म्हणजे थांबणं. शाळेत आपण विरामचिन्हं शिकलो तोच हा विराम. युद्धविराम हा त्यातला पूर्णविराम नाही, हे आधी मनाशी पक्कं करावं. तो फार तर अर्धविराम. वाक्याचा एक तुकडा झालाय, पुढचा अजून यायचाय. लढाई थांबली, भांडणाचं कारण जिथे होतं तिथेच आहे, कोण बरोबर ते ठरलेलं नाही आणि कुणी कुणाला काही दिलेलं नाही.

डेस्कवर नवी होते तेव्हा हा फरक मला एका मथळ्याने शिकवला. नोव्हेंबर २००३ मध्ये नियंत्रण रेषेवर भारत आणि पाकिस्तानचा गोळीबार थांबला. बातमी एका कॉलमात बसवायची होती आणि 'शस्त्रसंधी' हा शब्द काही केल्या मावेना. मी 'तह' लिहिलं. दोन अक्षरं, सुबक बसली. मुख्य उपसंपादकांनी पान हातात घेतलं, त्या दोन अक्षरांखाली लाल रेघ ओढली आणि विचारलं, "तह झालाय की तोफा थांबल्यात?" मी मथळा बदलला. तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला, आणि घरातल्या प्रत्येक भांडणात मी तो आता स्वतःला विचारते.

तहाला कलमं असतात. पुरंदरचा तह ११ जून १६६५ चा. त्यात तेवीस किल्ले आणि चार लाख होन उत्पन्नाचा मुलूख मोगलांना द्यावा लागला, बारा किल्ले महाराजांकडे राहिले. काय गेलं आणि काय राहिलं हे आकड्यांत सांगता येतं, म्हणून तो तह. युद्धविरामात असं देणं-घेणं नसतं. निदान नसावं.

'युद्धात जिंकलो आणि तहात हरलो' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं आहे. ते इतकं मुरलंय की कुणी थांबू या म्हटलं की आपल्याला लगेच वाटतं, आता हा काहीतरी काढून घेणार. सात महिने मलाही हीच भीती होती. मी थांबले तर घर विकायला माझी संमती आहे असा अर्थ निघेल, असं वाटायचं. भावाच्या त्या एका शब्दाने भीती उतरली, कारण युद्धविराम मान्य करण्यासाठी मला माझं एकही म्हणणं सोडायचं नव्हतं.

इतर शब्दांचं थोडक्यात सांगते. 'शस्त्रसंधी' आणि 'युद्धविराम' बातम्यांत जवळजवळ एकाच अर्थाने येतात. सीमेवरच्या गोळीबाराबद्दल 'शस्त्रसंधीचं उल्लंघन' हा प्रयोग रुळलेला आहे, तिथे तोच वापरावा. 'युद्धबंदी'ला मी शक्यतो हात लावत नाही. युद्ध बंद होणं आणि युद्धात पकडलेला कैदी, दोन्ही अर्थ त्यातून निघतात आणि वाचक अडखळतो. 'समेट' आणि 'दिलजमाई' पुढच्या टप्प्यावरचे शब्द, मनं जुळल्यावरचे. 'तडजोड' म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडणं. 'माघार' आणि 'शरणागती' एकाच बाजूची असते. आणि 'तहकूब' या शब्दात तह दिसत असला तरी तो तहाचा भाऊ नाही. सभा किंवा सुनावणी पुढे ढकलली की ती तहकूब होते.

लिहिताना लिंगाकडे लक्ष द्या: युद्धविराम झाला, तह झाला, समेट झाला, शस्त्रसंधी झाली. युद्धविराम जाहीर करतात, लागू होतो, पाळतात, मोडतात, त्याची मुदत वाढवतात. तहाची बोलणी होतात. शिवाय 'एकतर्फी युद्धविराम' म्हणता येतं. 'एकतर्फी तह' म्हणता येत नाही. या शेवटच्या जोडीत दोन्ही शब्दांचा स्वभाव पूर्ण उतरलाय असं मला वाटतं. समोरचा तयार नसला तरी आपला हात आपण थांबवू शकतो.

प्राचीन ग्रीकांचा ऑलिंपिकच्या वेळचा युद्धविराम आपण ऐकलेला असतो. त्यासाठीचा त्यांचा शब्द होता एकेखिरिया, आणि त्याचा शब्दशः अर्थ हात धरून ठेवणं, आवरणं. मराठीत आपण भांडणाऱ्याला "हात आवर" म्हणतो, तेच. त्या काळात ग्रीसमधली सगळी युद्धं थांबत होती असं नाही. खेळांना जाणाऱ्या-येणाऱ्यांना कुणी अडवायचं नाही, इतकाच त्याचा मुख्य अर्थ. मर्यादा इतकी नेमकी होती म्हणूनच तो पाळता येत होता, असं मला वाटतं. आणि आपल्याकडे कौटिल्याने राजाच्या सहा धोरणांत संधी (तह) आणि विग्रह (युद्ध) यांच्या बरोबरीने 'आसन' वेगळं सांगितलंय, म्हणजे स्वस्थ बसून राहणं. संधी अटी घालून होते, आसन नुसतं बसून. आपली 'शस्त्रसंधी' नावाने संधी असली तरी वृत्तीने आसनाच्या जास्त जवळची आहे.

म्हणायचा कसा

हा शब्द मुलांना सर्वात चांगला कळतो. त्यांचा शब्द 'टाइमप्लीज', पळता पळता ओरडून 'टॅम्प्लीज'. बुटाची नाडी सुटली, धाप लागली, कुणी पडलं, की एक जण ओरडतो आणि सगळे उभे राहतात. ज्याच्यावर राज्य आहे त्याच्यावर ते राहतं, जे बाद झालेत ते बादच राहतात. नाडी बांधून झाली की खेळ होता तिथून पुढे. टाइमप्लीज म्हणणारा हरला असं कुणी समजत नाही. आणि मुद्दाम टाइमप्लीज घेऊन कुणी पुढे सरकलं तर सगळे मिळून त्याला मागे पाठवतात. मोठेपणी आपण हा शब्द टाकून देतो आणि त्या जागी काहीच ठेवत नाही.

जे ठेवतो ते वाईट असतं. "शांत हो" म्हटलं की समोरचा अशांत ठरतो आणि आपण शहाणे. "मला यावर बोलायचंच नाही" हे दार आपटणं. "जाऊ दे" यात तर इतके सूर लपलेले असतात की ऐकणारा त्यातला सर्वात टोचणारा निवडतो. 'युद्धविराम' दोघांना एकाच वेळी लागू होतो, आणि भांडण खरं आहे हेही मान्य करतो. समोरच्याचा राग त्यात कुठेही लहान ठरत नाही. घरात हा शब्द जड वाटत असेल तर "थोडं थांबू या, पण सोडून देत नाही आहोत" असं म्हणा. यातला दुसरा अर्धा भाग गाळू नका.

कधी म्हणायचा? आवाज चढलेला असताना म्हटला तरी चालतो, पण कारणासकट म्हणा. डोळ्याची शस्त्रक्रिया, मुलीची परीक्षा, रात्रीचे साडेबारा वाजलेत, काहीही. पण दोघांनाही दिसणारं कारण असलं की थांबण्यात कुणाचीच मान खाली जात नाही. पांढरं निशाण म्हणजे शरणागती असं आपण धरून चालतो. युद्धाच्या नियमांत त्याचा पहिला अर्थ 'बोलायचं आहे' असा आहे, आणि ते घेऊन येणाऱ्यावर हल्ला करायचा नसतो. घरातही जो पहिल्यांदा "थांबू या" म्हणतो त्याला त्या क्षणी काही ऐकवू नका. "आता सुचलं का?" एवढी तीन शब्दांची टोचणीसुद्धा पुरते. मी पूर्वी असं म्हणायची, आणि त्यापायी दोनदा चांगली वेळ माझ्या हातून गेली.

मुदत

माझ्या "कधीपर्यंत?"ला भावाने लगेच तारीख दिली: शस्त्रक्रियेनंतर पाच आठवड्यांनी येणारा रविवार, सकाळी दहा. मला वाटतं, सगळं यावरच टिकलं.

मुदत नसली की युद्धविरामाचा अबोला होतो. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, घरात शांतता असते. पण अबोल्यात प्रत्येक दिवस समोरच्यावर चढवलेला असतो, मोजलेला असतो. युद्धविरामात बोलणं चालू राहतं, एकच विषय बाजूला असतो. तुमच्या घरात आत्ता काय चाललंय हे ओळखायचं असेल तर एवढंच पाहा: औषधाची वेळ विचारायला तुम्ही त्या माणसाला स्वतः फोन करता, की तिसऱ्याकरवी निरोप पाठवता?

राष्ट्रांनी मुदतीचे सगळे प्रकार करून पाहिले आहेत. स्पेन आणि डच यांचा १६०९ चा युद्धविराम बारा वर्षांचा होता. १६२१ मध्ये मुदत संपली आणि युद्ध पुन्हा सुरू झालं. पहिल्या महायुद्धातली ११ नोव्हेंबर १९१८ ची शस्त्रसंधी सुरुवातीला फक्त छत्तीस दिवसांची होती. ती वाढवत वाढवत नेली आणि व्हर्सायचा तह झाला तो २८ जून १९१९ ला. कोरियात २७ जुलै १९५३ ला पानमुनजोम इथे शस्त्रसंधीवर सह्या झाल्या आणि तह आजतागायत झालेला नाही. घरापुरतं सांगायचं तर मुदत छोटी ठेवा आणि वाढवा. छत्तीस दिवसांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. "कायमचं थांबू या" हे कुणाला पेलत नाही. "पुढच्या रविवारपर्यंत" हे रागावलेल्या माणसालाही पेलतं.

कुठे थांबायचं आणि कुणाला सांगायचं

कोरियातल्या त्या शस्त्रसंधीत दोन्ही सैन्यं रेषेपासून दोन-दोन किलोमीटर मागे सरली आणि मधे चार किलोमीटरचा पट्टा मोकळा राहिला. बातमीत हे वाक्य मी अनेकदा लिहिलं असेन, पण त्यातलं शहाणपण भावाशी बोलताना कळलं. तो म्हणाला, पाच आठवडे मी घर बघायला कुणाला आणणार नाही. मग मी म्हटलं, पाच आठवडे मी वकिलाकडे जाणार नाही. दोघंही सारखेच मागे सरलो. नुसतं "भांडायचं नाही" असं ठरवलं असतं तर तो खरेदीदार आणत राहिला असता, मी कागद गोळा करत राहिले असते आणि रविवारी दोघांनाही फसवल्यासारखं वाटलं असतं. म्हणून थांबवायच्या गोष्टी तोंडाने, नाव घेऊन बोला. चालू काय राहणार तेही बोला: थेंबांच्या पाळ्या, डॉक्टरांच्या भेटी, आईचा खर्च निम्मा-निम्मा.

मग सगळ्यांना सांगा. युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम सांगणाऱ्या १९०७ च्या हेग नियमावलीत शस्त्रसंधीबद्दल सहा कलमं आहेत, ३६ ते ४१. त्यातलं एक सांगतं की शस्त्रसंधीची खबर अधिकाऱ्यांना आणि सैन्याला रीतसर आणि वेळेवर पोचली पाहिजे. हे लिहावं का लागलं असेल ते १९१८ मध्ये दिसतं. सही पहाटे पाचच्या सुमाराला झाली, अंमल सकाळी अकरापासून. मधल्या तासांत लढाई चालूच राहिली आणि माणसं मरत राहिली. अमेरिकेचा हेन्री गुंथर हा सैनिक अकराला एक मिनिट कमी असताना मारला गेला.

आम्ही इथेच चुकलो. मी नवऱ्याला सांगितलं, मुलाला सांगायचं राहून गेलं. तिसऱ्या आठवड्यात मुलाने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामाला उद्देशून लिहिलं की आजीला घरातून काढायची इतकी घाई कशाला. मी वाचलं तेव्हा माझे हात गार पडले. युद्धविराम माझ्या बाजूने मोडला होता.

हेगचं कलम ४१ अशाच वेळेसाठी आहे, आणि मला वाटतं घराघरांत ते माहीत असायला हवं. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या मनाने शस्त्रसंधी मोडली, तर दुसऱ्या पक्षाला त्या व्यक्तीला शिक्षा करा आणि नुकसान झालं असेल तर भरून द्या असं मागता येतं, बस. तेवढ्यावरून शस्त्रसंधी संपत नाही. ती संपवण्याचा हक्क कलम ४० प्रमाणे मिळतो, एका पक्षाने स्वतः गंभीर भंग केला तर. भावाने ही कलमं वाचलेली नाहीत. पण त्या रात्री त्याने फोन करून एवढंच विचारलं, "ताई, हे तू लिहायला सांगितलंस का?" मी नाही म्हटलं. "मग त्याला काढायला सांग आणि समजाव. रविवार आहे तसाच आहे." मुलाने मजकूर काढला, मामाला स्वतः फोन केला.

तुमच्याकडेही मोडेल. कुणाची तरी जीभ घसरेल, जुना विषय निघेल. तेव्हा पहिला प्रश्न भावाचाच विचारा: हे तू केलंस, की तुझ्या बाजूच्या कुणीतरी? आणि उत्तरावर विश्वास ठेवा.

जिथे हा शब्द वापरू नये

युद्धविराम दोन लढणाऱ्यांमध्ये होतो. जिथे एक मारतो आणि दुसरी मार खाते, तिथे युद्ध नाही आणि विरामही नाही. अशा घरातल्या बाईला "काही दिवस दोघं शांत राहा" असं सांगणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्या वाक्याने मार खाणाऱ्या बाईच्याही हातात शस्त्र असल्यासारखं होतं. तिथे सुरक्षित जागा हवी, बाहेरची मदत हवी, कायदा हवा. बातमी लिहिणाऱ्यांनीही एका बाजूने झालेल्या हल्ल्याला चकमक म्हणू नये आणि तो थांबला तर त्याला युद्धविराम म्हणू नये.

घराबाहेर हा शब्द चालतो अशी जागा म्हणजे कामाची. सहकाऱ्याशी वाद असेल तर "हा अंक निघेपर्यंत" किंवा "हे काम हातावेगळं होईपर्यंत" असं म्हणून हेच सगळं करता येतं. तिथे मुदत मिळणं सोपं असतं, कारण कामाला शेवटची तारीख असतेच.

संपवताना

याकडे सर्वात कमी लक्ष दिलं जातं. हेगच्या कलम ३६ मध्ये म्हटलंय की मुदत ठरलेली नसेल तर लढाई केव्हाही पुन्हा सुरू करता येते, पण ठरल्याप्रमाणे शत्रूला आधी सूचना दिली पाहिजे. शत्रूलासुद्धा. आपण सख्ख्या माणसाला देत नाही. पंधरा दिवस गोड चालल्यावर भरल्या घरात एकदम विषय काढतो आणि मग समोरच्याला ते सगळे दिवस खोटे वाटायला लागतात. पुढच्या वेळी तो थांबायला तयार होत नाही. म्हणून आदल्या दिवशी सांगा. वेळ, जागा, आणि कुठून सुरू करायचं तेही.

शनिवारी संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, उद्या दहाला संपतंय. आईच्या घरीच बसू. मी कागद आणतो, तू तुझे आण." रविवारी आम्ही साडेतीन तास बोललो. आवाज चढला, पण दोनदाच. घराचं काही ठरलं नाही. दीड वाजता मी म्हटलं, मुदत वाढवू या का? तो कॅलेंडर बघायला उठला. आई इतका वेळ खिडकीशी बसून ऐकत होती, तिच्या डोळ्यावरचा काळा चष्मा त्याच आठवड्यात निघाला होता. ती म्हणाली, "या वेळची तारीख मी सांगते." आणि तिने सांगितली.